वकीलताईंना विचारा : त्या मुलीची गोष्ट फेलोशिपच्या फॉर्ममध्ये लिहू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ वर्षांची, कोपरखैरणेला राहते, ठाणे कोर्टात चार वर्षं प्रॅक्टिस, म्हणजे सिनियरच्या हाताखालीच, जास्त करून फॅमिली मॅटर आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेस. मागच्या वर्षी एका सतरा वर्षांच्या मुलीचं मॅटर आलं, बावीस आठवड्यांची गरोदर, गर्भपात करायचा होता, आणि सरकारी दवाखान्यात सांगितलं की आधी कोर्टाची ऑर्डर आणा मग बघू. दहा दिवस धावले मी. शेवटी झालं तिचं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्याला हेच काम करायचंय, रिप्रॉडक्टिव्ह राइट्सच्या, म्हणजे गर्भपात, बाळंतपण अशा बाबतीतल्या बायकांच्या हक्कांच्या कायद्याचं, आणि आता त्यातल्या फेलोशिप शोधतेय. पण पर्सनल स्टेटमेंट लिहायला बसले की हात थांबतो. इंग्रजी कोर्टापुरतं, कॉलेज मोठ्या नावाचं नाही. आणि त्या मुलीची गोष्ट लिहावी की नाही तेच कळत नाही, सगळे म्हणतात लिही, फॉर्म भारी होईल. पहिला ड्राफ्ट सोबत पाठवलाय. मला तू म्हणा.
— एक वकील, कोपरखैरणे

उत्तर : तुझा ड्राफ्ट दोनदा वाचला. पहिल्यांदा ट्रेनमध्ये, ठाण्याहून वाशीला येताना, आणि दुसऱ्यांदा घरी पेन घेऊन. सुरुवात तू केलीयस की लहानपणापासून मला स्त्रियांच्या हक्कांची तळमळ होती. अगं, हे वाक्य काढून टाक. तळमळ खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, पण अर्ज वाचणाऱ्यासमोर शंभर-दीडशे फॉर्म असतात आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात हीच असते, तुझं त्यात काहीच दिसत नाही. तुझं जे आहे ते तू शेवटच्या पॅरात दोन ओळींत उरकलंयस. की तू एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या कायद्याच्या रूल्समधला ३ब नंबरचा नियम आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालाची प्रत घेऊन दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर दोन दिवस बसलीस, तिसऱ्या दिवशी त्यांनी आत घेतलं, आणि ऑर्डर न आणता काम झालं. हा तुझा अर्ज आहे. हे वर आण.

आता त्या मुलीचं. मी सरळ सांगते, तिची गोष्ट लिहू नकोस, तुझं काम लिही.

हे मी अनुभवाने सांगतेय. मी स्वतः पहिल्यांदा अर्ज केला होता तेव्हा एका बाईची सगळी कहाणी लिहिली होती, तालुका, महिना, नवरा काय करतो, मुलं किती, नाव तेवढं बदललेलं. इंटरव्ह्यूत पॅनेलवरच्या एक बाई फार शांतपणे म्हणाल्या, हे लिहायच्या आधी तिला विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. ती फेलोशिप मला मिळाली नाही आणि ते बरोबरच झालं असं मला आजही वाटतं, कारण ज्या कायद्याचं मी काम करते म्हणत होते त्याच कायद्यात, एमटीपीच्या कलम ५अ मध्ये, बाईचं नाव आणि तपशील गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरवर टाकलीय, मोडली तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. डॉक्टरला जे बंधन ते वकिलाने मनाने तरी पाळायलाच हवं, आणि आपल्याला तर अशिलाची गुप्तता पाळायचा नियम वेगळा आहेच. तुझं मॅटर तर अल्पवयीन मुलीचं आहे, पोक्सोतलं, तिथे ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. आणि ओळख फक्त नावाने पटते असं नाही ना. वय, आठवडे, तालुका, महिना, हे चार तुकडे शेजारी ठेवले की शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावर कोण ते लगेच कळतं. माझ्याकडे आलेलं तुझं पत्र छापताना पण मी त्यातले दोन तपशील बदललेत, तुला लक्षात आलं असेल.

मग तपशील नाही तर फॉर्म कोरडा होईल का? नाही होणार, कारण तपशील तुझ्या धावपळीचा द्यायचा. पहिल्या दिवशी कुणाला भेटलीस, ते काय म्हणाले, कायदा काय म्हणतो आणि त्यांना काय वाटत होतं, कुठला कागद दाखवल्यावर माणूस जरा थांबला आणि चष्मा लावून वाचायला लागला. एक काम कर, आधी मराठीत लिही. खरंच. आईला किंवा मैत्रिणीला सांगतेस तसं, दहा दिवसांचं दहा पॅरे, मग त्यातले सात काढून टाक आणि उरलेलं इंग्रजीत आण. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, त्यात जे लिहिलंय ते घडलेलं असलं पाहिजे. ठाण्याच्या खालच्या कोर्टात आपलं अर्धं काम मराठीत चालतं, ही कमी समजू नकोस. जबाब मराठीत, पोलिसांचा कागद मराठीत, ती मुलगी जे बोलते ते मराठीत किंवा आदिवासी भागातली असेल तर तिच्या बोलीत, आणि हायकोर्टात जायचं तर ते सगळं इंग्रजीत न्यावं लागतं, त्या प्रवासात काय गळतं हे तुला माहितीय, दिल्लीतल्या मोठ्या कॉलेजच्या मुलीला ते माहीत असेलच असं नाही.

कायद्याचा भाग मात्र पक्का पाहिजे, तिथे भावना चालत नाहीत. तुझ्या ड्राफ्टमध्ये एक चूक आहे, तू लिहिलंयस की भारतात २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क आहे. असं नाहीये. १९७१ चा एमटीपी कायदा डॉक्टरला संरक्षण देणारा कायदा आहे. गर्भपात करणं हा मुळात गुन्हाच आहे, आधी आयपीसीचं ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८, आणि एमटीपी कायदा त्याला अपवाद करून देतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं आणि ते पण फक्त नियम ३ब मध्ये दिलेल्या बायकांसाठी, बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंगत्व असलेल्या वगैरे. २४ च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर, मेडिकल बोर्डाने ठरवल्यावर, किंवा बाईचा जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर. म्हणजे तुझ्या मॅटरमध्ये पालकांची लेखी संमती आणि दोन डॉक्टर एवढं पुरे होतं, कोर्टाची ऑर्डर मागायचं कारणच नव्हतं. दवाखान्याने ती मागितली कारण पोक्सो आलं की डॉक्टर घाबरतात. ही भीती का आहे आणि ती कशी कमी करायची, इथेच तुझा प्रोजेक्ट आहे बघ.

२९ सप्टेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तू जोडलायस, छान, त्यात अविवाहित बायकांना पण २० ते २४ मध्ये घेतलं, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कारात धरली. पण त्याच निकालात एक गोष्ट आहे जी तुझ्या कामाच्या अगदी जवळची आहे आणि तू तिचा उल्लेखच केला नाहीस. संमतीने संबंध आलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरने पोक्सोच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-ओळख सांगायची गरज नाही. हे किती वॉर्डांमधल्या डॉक्टरांना माहितीय? आणि १६ ऑक्टोबर २०२३ चा निकाल पण टाक, ज्यात २६ आठवड्यांच्या पुढे गेलेल्या विवाहित बाईला सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. तो आपल्या बाजूचा नाही म्हणून लपवायचा नसतो. कायदा कुठे तोकडा पडतो हे ज्याला दिसतं त्यालाच फेलोशिप देतात. मुंबई हायकोर्टात २००८ साली डॉ. निखिल दातार आणि एका दांपत्याने २६ आठवड्यांचीच परवानगी मागितली होती, बाळाच्या हृदयात दोष होता, मिळाली नाही, आणि तिथून सुरू झालेल्या चर्चेला कायद्यात उतरायला २०२१ उजाडलं. तेरा वर्षं. आपल्या भागातून गेलेला रस्ता आहे हा, तुझ्या अर्जात त्याची एक ओळ शोभेल.

कुठे अर्ज करायचा हे आता, आणि इथे जरा निराश करणार आहे तुला. तू यादीत अमेरिकेतल्या चार फेलोशिप टाकल्यास. तिथल्या बऱ्याचशा त्यांच्याकडे लॉ केलेल्या मुलांसाठी असतात, कारण फेलोला तिथल्या संस्थेत तिथल्या कायद्यावर काम करायचं असतं. सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्सची कोलंबिया लॉ स्कूलसोबतची जी आहे ती दोन वर्षांची, आणि ती ज्यांना कायद्याचं प्राध्यापक व्हायचंय त्यांच्यासाठी, तुला तर परत ठाणे कोर्टात यायचंय असं तूच लिहिलंयस. शिवाय जून २०२२ मध्ये तिथे गर्भपाताचा हक्क देणारा जुना रो निकाल उलटवला गेल्यापासून त्यांचं काम त्यांच्या राज्याराज्यांतल्या बंदीभोवती फिरतंय. बाहेर शिकायचंच असेल तर टोरंटो विद्यापीठात या विषयाचा खास जुना प्रोग्राम आहे, रिबेका कुक यांनी उभा केलेला, आणि ब्रिटनसाठी चेव्हनिंग स्कॉलरशिप आहे, एक वर्षाचं मास्टर्स, त्याला किमान दोन वर्षांचा म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं आपल्या देशात परतायची अट आहे. तुझी चार वर्षं त्यात बसतात, तासांचा हिशोब आत्ताच लिहून ठेव, डायरीवरून निघतो.

पण त्याआधी आपल्या हाताशी काय आहे ते बघ. मुंबईतच सेहत ही संस्था आहे, आरोग्य आणि हिंसा या विषयावर त्यांचं वर्षानुवर्षांचं काम आहे, सोनोग्राफीच्या गैरवापराविरुद्ध २००० साली सुप्रीम कोर्टात गेले तेच. बायकांना कायद्याची मदत करणारी मजलिस आहे, एचआरएलएन हे वकिलांचं नेटवर्क आहे ज्यांचं या विषयावर कोर्टातलं काम आहे, पुण्याला मासूम आणि सम्यक या संस्था. यांच्याकडे दर वर्षी फेलोशिप निघेलच असं नाही, म्हणून जाहिरातीची वाट बघत बसू नकोस, दोन पानांचं पत्र घेऊन जा. मला माझं पहिलं काम असंच मिळालं, जाहिरात नव्हतीच.

प्रोजेक्ट काय लिहायचा? देशभरातल्या सर्व स्त्रियांमध्ये जागृती असलं काही नको. एका वर्षात एक माणूस काय करू शकतो तेवढंच. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातल्या चार-पाच सरकारी दवाखान्यांत २० ते २४ आठवड्यांचं मॅटर आल्यावर नेमकं काय होतं त्याचा माग, निवासी डॉक्टरांसाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक, त्यात नियम ३ब, पोक्सोची ती ओळख न सांगण्याची सोय आणि ऑर्डर कधी लागत नाही ते ठळक, आणि वर्षाच्या शेवटी किती ठिकाणी ते पान भिंतीवर राहिलं त्याची नोंद. हे वाचून पॅनेलला कळतं की या मुलीला वॉर्ड माहितीय.

रेकमेंडेशन. तू हायकोर्टातल्या मोठ्या वकिलांचं घेणार म्हणतेस, ज्यांना तू तीनदा भेटलीस. ते चार गोड ओळी देतील आणि त्या कुणाच्याही नावाला चालतील. त्यापेक्षा तुझ्या सिनियरचं एक घे, आणि दुसरं त्या दवाखान्यातल्या समाजसेविकेचं, जिने तुला केबिनबाहेर बसलेलं पाहिलंय. एक महिना आधी सांग, आणि काय काय काम केलंस त्याची एक पानाची टाचण दे, लोकांना खरंच आठवत नाही गं. रायटिंग सॅम्पल म्हणून तू स्वतः ड्राफ्ट केलेला अर्ज दे, नावं, केस नंबर, तारखा सगळं काळं करून, आणि सिनियरने त्यात हात फिरवला असेल तर तसं एका ओळीत लिहून टाक.

दोन व्यवहाराच्या गोष्टी, या कुणी सांगत नाही. एक, बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रॅक्टिस चालू असताना फुल टाइम पगारी नोकरी करता येत नाही, घेतली तर बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. म्हणून फेलोशिप म्हणजे नोकरी आहे की स्टायपेंड, त्या काळात कोर्टात उभं राहता येईल का, हे लेटर सही करायच्या आधी लेखी विचार. दोन, पैसा परदेशातून येणार असेल तर यजमान संस्थेकडे परदेशी पैसा घ्यायला लागणारं एफसीआरए रजिस्ट्रेशन आहे का ते विचार, आणि ते पैसे थेट त्यांच्याच नावावर येतायत ना तेही, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. विचारायला लाजू नकोस, कोपरखैरणेचं भाडं दर महिन्याला द्यायचंच आहे.

सुधारलेला ड्राफ्ट पाठव. मी वाचेन.

प्रश्न : वकीलताई, माझी मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते मी बायकांच्या गर्भपाताच्या हक्काचं काम करणार, त्याचीच फेलोशिप घेणार. आम्ही साधी माणसं. नातेवाईकांत आत्ताच कुजबुज आहे, उद्या तिच्या लग्नाला अडचण येईल. वकिलीत दुसरे विषय नाहीत का? तुम्ही तिला समजवा.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : काकू, तुमची काळजी मला कळते, माझ्या आईने पण हेच विचारलं होतं आणि लोक बोलणार नाहीत असं खोटं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. बोलतील. पण मुलीला समजवायच्या आधी ती काय करणार आहे हे एकदा तिच्याकडून नीट ऐका, कारण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा ते खूप मोठं आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका दिवसात ८३ बायकांची नसबंदीची ऑपरेशनं उरकली, त्यानंतर डझनाहून जास्त बायका गेल्या, तरण्याताठ्या, घरी लहान लेकरं असलेल्या. देविका बिस्वास नावाच्या बाईंनी अशा शिबिरांविरुद्ध आधीपासून सुप्रीम कोर्टात केस लावलेली होती, २०१६ मध्ये कोर्टाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. हे रिप्रॉडक्टिव्ह राइट्सचं काम. दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला दवाखान्यात घेतलं नाही म्हणून दिल्ली हायकोर्टात २०१० ला निकाल लागला, की सुरक्षित बाळंतपण हा तिचा हक्क आहे, ते पण हेच काम. आपल्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातायत म्हणून २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, ते पण. ज्या बाईला मूल हवंय तिच्यासाठी पण हीच वकील उभी राहते.

आणि ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही हो. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, घर मालतीबाईंच्या पगारावर चाललं. १९२७ पासून ते समाजस्वास्थ्य मासिक काढत, त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत, आत्ता मी तुम्हाला देतेय तशीच, आणि त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. तेव्हा हा विषय वकिलीत हलका मानायचं काही कारण नाही.

लग्नाचं म्हणाल तर ज्या घरात तिच्या कामाचं नाव काढायला लाज वाटेल त्या घरात ती सुखात राहील का, याचा विचार तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल, तुमची मुलगी आहे. मी तिला समजवणार नाही. तिने मला लिहिलं तर फॉर्म कसा भरायचा ते सांगेन. एकच सुचवते, ठाणे कोर्टात सुट्टी नसेल अशा दिवशी तिच्याबरोबर अर्धा दिवस येऊन बसा, पोक्सो कोर्टाबाहेरच्या बाकावर. तिथे बायका बसलेल्या असतात त्यांच्याशी बोला.

प्रश्न : मी वकील नाही, एमएसडब्ल्यू केलंय, एका दवाखान्यात समुपदेशक आहे. लॉ अँड अ‍ॅडव्होकसी असं नाव असलेल्या फेलोशिपला मी अर्ज करू शकते का, की ते फक्त सनदवाल्यांसाठी असतं?
— ऐरोलीहून एक वाचक

उत्तर : अ‍ॅडव्होकसी म्हणजे वकिली नव्हे, हा घोळ फार जणांचा होतो. अ‍ॅडव्होकसी म्हणजे एखाद्या गोष्टीचा पाठपुरावा, अधिकाऱ्यांकडे, आमदारांकडे, पेपरात, दवाखान्याच्या मीटिंगमध्ये. बऱ्याच जाहिरातींत पात्रता म्हणून कायदा किंवा समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य असं लिहिलेलं असतं, तो किंवा शब्द शोधा. कुठे फक्त लॉ ग्रॅज्युएट म्हटलं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

तुमच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाई वकिलाकडे येते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, तुमच्याकडे ती आधी येते. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली दिलासा केंद्र सुरू झालं, महापालिका आणि सेहतने मिळून, ते अशाच दवाखान्यातल्या माणसांच्या जोरावर उभं राहिलं आणि मग दुसरीकडे गेलं. तुमच्याकडच्या नोंदी, अर्थात नावं वगळून, वर्षभरात किती जणींना परत पाठवलं आणि काय कारण सांगून, एवढं जरी तुम्ही टेबल करून मांडलंत तरी तो अर्ज जड होईल, फक्त दवाखान्याच्या प्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर वाद नको.

कायद्याचा अनुभव दाखवायचा असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारी स्वयंसेविका म्हणून नाव द्या, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं ऑफिस आहे. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२, हे तुमच्या पेशंटना पण सांगा. आणि वर कोपरखैरणेच्या मुलीला मी जे गुप्ततेचं लिहिलंय ते तुम्हाला दुप्पट लागू आहे. शक्य असेल तर तुम्ही दोघी एकत्र अर्ज करा, काही संस्था जोडीने केलेला प्रोजेक्ट घेतात, तुम्हाला चालत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी तिला विचारून तुमची गाठ घालून देते.